'आम्ही फक्त मस्करी करत होतो, मॅडम'

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. गाईड पथकही माझ्याकडेच आहे. मुली पाचवी ते सातवीच्या, म्हणजे दहा ते बारा वर्षांच्या. यंदा जूनमध्ये वडिलांच्या बदलीमुळे यवतमाळहून आलेली एक मुलगी सहावीत दाखल झाली. चुणचुणीत आहे, दोरीच्या गाठी सगळ्यांच्या आधी शिकली. पण तिने तोंड उघडलं की मुली हसतात. एकदा ती म्हणाली, "मॅडम, मी दोरी आणून राहिली ना." तेव्हापासून कुणी ना कुणी "काय करून राहिली?" असं विचारतं आणि बाकीच्या खिदळतात. डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी असते. खेळात गडी मागताना ती शेवटी उरते. यात पुढाकार घेणारी मुलगी माझी सगळ्यात चांगली संघनायिका आहे, त्यामुळे मला आणखीच अवघड झालंय. विचारलं तर म्हणते, "आम्ही फक्त मस्करी करत होतो, मॅडम." एकदा सगळ्यांना गोल बसवून मी समजावलं की आपण एकमेकींच्या बहिणी आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिडवणं थांबलं, पण आता तिच्याशी कुणी बोलतच नाही. "हिच्यामुळे आपण बोलणी खाल्ली," असं एकीने म्हटलेलं माझ्या कानावर आलं. दोघींना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू का? की हे या वयात चालायचंच, आपोआप मिटेल? डिसेंबरात दोन रात्रींचं शिबिर आहे आणि मला त्याची धास्ती वाटते.

— एक गाईड कॅप्टन

उत्तर : आपोआप मिटणार नाही. तुमच्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. जूनमध्ये जे हसण्यावर होतं, ते आता अबोल्यावर आलंय.

आधी ही मस्करी आहे की छळ, ते ठरवू. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये शाळकरी मुलांच्या आपसातल्या छळाचा अभ्यास सुरू केला आणि पुढे तो नॉर्वेत नेला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं असं दिसल्यावर १९८३ मध्ये त्या देशाने शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. ओल्वेउस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात : त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. तिसरी खूण मला सगळ्यात मोलाची वाटते. दोन मैत्रिणींची कट्टी होते तेव्हा दोघी रुसतात, दोघी रडतात आणि चार दिवसांनी दोघी बट्टी करतात. तुमच्या पथकात एका बाजूला सगळा वर्ग आहे, त्याची बोली आहे, लहानपणापासूनच्या ओळखी आहेत. दुसऱ्या बाजूला जूनमध्ये आलेली एकटी मुलगी आहे. मस्करी असती तर तिनेही एखाद वेळी उलट टोला हाणला असता आणि बाकीच्या हसल्या असत्या.

तिच्याशी न बोलणं हाही त्रासच आहे, आणि मोठ्यांना दिसत नाही म्हणून जास्त अवघड. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८८ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुली हातापायी करण्यापेक्षा आडून वार करताना जास्त दिसल्या : एखादीला गटाबाहेर ठेवणं, तिच्याबद्दल काहीबाही पसरवणं, तिची मैत्रीण फोडणं. या वयात मुली दोघी-तिघींच्या घट्ट जोड्या करून राहतात, त्यामुळे जोडी तोडणं हेच हत्यार होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र यावरून "मुलींची जातच तशी" असं म्हणायला कुणी जाऊ नये. २००८ मध्ये जवळपास दीडशे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा अशा आडून केलेल्या त्रासात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य फार सहज बोललं जातं. ते मुलींच्या कानावर गेलं की त्यांनाही वाटायला लागतं, आपण अशाच असायचं असतं.

आता हात मिळवण्याबद्दल. कृपा करून तसं करू नका. समेट दोन बरोबरीच्या माणसांत होतो. इथे तुमची संघनायिका तुमच्यादेखत गोड बोलेल, यवतमाळची मुलगी मान खाली घालून "हो मॅडम" म्हणेल आणि बाहेर पडताच हिशेब चुकता होईल. तो एकदा झालेला तुम्ही पाहिलाच आहे. जे समजावणं सगळ्यांना एकत्र बसवून, सगळ्यांना कळेल अशा बेताने एकीसाठी केलेलं असतं, त्याचा भार त्या एकीवरच पडतो.

स्वीडनचे अनातोल पिकास यांनी यासाठी वेगळी वाट सुचवली होती. मला ती अजूनही सगळ्यात शहाणपणाची वाटते. ज्यांचा हात आहे त्या मुलींशी एकेकीने, वेगवेगळं बोलायचं. आरोप करायचा नाही, कबुली मागायची नाही. संघनायिकेला बोलवा आणि म्हणा, "ती डबा खाताना एकटी असते, मला त्याची काळजी वाटते. तुला काय दिसतं?" मग थांबा. सुरुवातीला ती काहीच बोलणार नाही. पुढे म्हणेल, "ती आमच्यात मिसळतच नाही." वाद घालू नका. "बरं. मग पुढच्या शुक्रवारपर्यंत तू काय करू शकशील?" एवढंच विचारा आणि शुक्रवारी आठवणीने पुन्हा बोलवा. "का केलंस?" हा प्रश्न मात्र टाळा. अकरा वर्षांच्या मुलीपाशी त्याचं उत्तर नसतं, म्हणून ती खोटं बोलते, आणि मग तुम्ही त्या खोट्याच्या मागे लागता.

पण तुमचं खरं काम या दोघींच्या मधे उभ्या असलेल्या मुलींशी आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ मी तिथे द्यायला सांगेन. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की छळ हा दोघांचा खेळ नसतो. एक पुढाकार घेते, एखाद-दुसरी तिला साथ देते, काही जणी हसून उत्तेजन देतात, काही जणी तोंड फिरवतात आणि अगदी थोड्या आड येतात. फिनलंडने पुढे 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून देशभरच्या शाळांत नेला, तो याच पायावर. कॅनडातल्या टोरांटोमध्ये संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून असे प्रसंग टिपले. २००१ मध्ये त्यांनी मांडलं ते असं : दर पाचांतल्या जेमतेम एका प्रसंगात कुणी सोबती मधे पडला, पण जेव्हा पडला तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला.

हे आकडे मुलींना ऐकवायचे नाहीत, त्यांचा अर्थ तुम्ही मनात धरायचा. तुमच्या पथकात "काय करून राहिली?" विचारणाऱ्या मुली दोन-तीन असतील. बाकीच्या हसतात, कारण न हसणाऱ्या मुलीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. त्यांना वाईट वाटत नाही असं नाही. उद्या आपली पाळी येईल, या भीतीने त्या हसतात. त्यांना धीर दिला, काय करायचं ते नेमकं शिकवलं, तर खेळाची रंगतच जाते.

मग बोलायचं कसं? गोष्टीतून. एलिनॉर एस्टेस यांची 'द हंड्रेड ड्रेसेस' ही १९४४ ची छोटी अमेरिकन कथा मिळवा. एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ती अनेक वर्षं दोन भागांत होती, त्यामुळे जुनं पुस्तक कुणाकडेही सापडेल. वांडा पेट्रॉन्स्की नावाची पोलंडहून आलेल्या कुटुंबातली मुलगी रोज तोच विटका निळा झगा घालून शाळेत येते. आपल्याकडे शंभर झगे आहेत, असं ती एकदा सांगून बसते. पेगी ही वर्गातली सगळ्यांची लाडकी मुलगी. ती रोज तिला थांबवून अगदी सभ्य आवाजात विचारते, "किती झगे आहेत म्हणालीस?" आणि पेगीची जिवाभावाची मैत्रीण मॅडी बाजूला उभी राहते. मॅडीला हे आवडत नाही. पण ती स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने झगे आईकडून बदलून घेऊन घालते. आपण बोललो तर पुढचा प्रश्न आपल्याला येईल, हे तिला पक्कं माहीत आहे. शेवटी वांडाचं कुटुंब गाव सोडून जातं, आणि ते शंभर झगे म्हणजे तिने काढलेली शंभर चित्रं होती, हे चित्रस्पर्धेत कळतं.

ही गोष्ट तुमच्या शब्दांत मराठीत सांगा. मुलींना मैदानात झाडाखाली बसवा, घाई करू नका. सांगून झाल्यावर "यातून काय शिकलात?" असं विचारलंत तर माना पुन्हा डोलतील. त्याऐवजी विचारा, "मॅडी गप्प का बसली असेल?" इथे मुली भरभरून बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. "तिला भीती वाटली असेल." "पेगी तिच्याशी कट्टी झाली असती ना." "तिला पेगीने झगे दिले होते, मग कसं बोलणार?" त्या स्वतःबद्दल बोलत असतात आणि कुणाचंच नाव निघत नाही. मग दुसरा प्रश्न : पेगीशी न भांडता मॅडी काय करू शकली असती? त्यांनाच सुचवू द्या. हसायचं नाही. "चला, घंटा होईल," म्हणून विषय मोडायचा. वांडाबरोबर फाटकापर्यंत चालत जायचं. नंतर एकटीला गाठून पेगीला सांगायचं की मला ते आवडलं नाही. मोठ्या माणसाला सांगायचं. या पाचही गोष्टी अकरा वर्षांच्या मुलीच्या आवाक्यातल्या आहेत. सगळ्यांसमोर उभं राहून जाब विचारणं तिच्या आवाक्यात नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही धरू नये.

पुढच्या बैठकीत हे प्रसंग करून बघा. पेगी, मॅडी, फाटकापर्यंत चालत जाणारी मैत्रीण, अशा भूमिका आलटून पालटून द्या. फक्त दोन पथ्यं पाळा. यवतमाळच्या मुलीला वांडाची भूमिका कधीही देऊ नका, आणि बोलीवरून हसण्याचा प्रसंग रचू नका. गोष्ट झग्याचीच राहू द्या. जोडणी मुली मनात करतील.

मोठ्यांना सांगण्याबद्दल एक शंका हमखास निघते : "मग आम्हाला चोंबडी म्हणतील." ती टाळू नका. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं वेगळं आणि कुणाची सुटका व्हावी म्हणून सांगणं वेगळं, हा फरक या वयाच्या मुलींना नीट कळतो. पण तो टिकतो तुमच्या वागण्यावर. सांगणारीचं नाव तुम्ही एकदा जरी फोडलंत, तर वर्षभर तुमच्याकडे कुणी येणार नाही.

बोलीचा विषय दुसऱ्या एखाद्या दिवशी, स्वतःवरून काढा. साताऱ्याकडचं 'लई' आणि 'न्हाई' पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर किती जणींनी गिळलंय, हे तुमच्या मुलींच्या मोठ्या बहिणींना विचारा. आज दुसरीच्या बोलण्यावर हसणाऱ्या मुलीवर सात वर्षांनी कुणीतरी तसंच हसणार आहे. तो प्रसंग त्यांच्यासमोर उभा करा. यवतमाळच्या मुलीला मात्र पुढे बोलावून "तुमच्याकडचे शब्द सांग बघू" म्हणू नका. तिचं पुन्हा प्रदर्शन होईल. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते : चिडवण्यात जात आली, कातडीचा रंग आला, डब्यातलं जेवण आलं, तर तो मुलींच्या आपसातला विषय मानू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा आणि मुलींना स्पष्ट शब्दांत सांगा की हे इथे चालणार नाही. तिथे गोष्टीची वाट पाहायची नसते.

आता तुमच्या हातातली, बोलण्याहून मोठी गोष्ट. मैदानावर दोन नायिका उभ्या राहून आळीपाळीने गडी मागतात, ती पद्धत आजच बंद करा. जरा जवळून बघा, काय होतं ते. पहिली चार-पाच नावं झटकन घेतली जातात. मग कुजबुज सुरू होते. शेवटी दोघी-तिघी उरतात, त्या बुटाच्या टोकाने माती उकरत उभ्या असतात, आणि शेवटचीच्या वेळी नायिका नावसुद्धा घेत नाही, "ही तुला घे" म्हणते. आठवड्यातून एकदा, शिक्षिकेच्या साक्षीने, शिट्टी वाजवून आपण एका मुलीला सगळ्यांत नकोशी ठरवतो. चिठ्ठ्या टाका, एक-दोन-तीन म्हणत आकडे लावा, जन्ममहिन्यांवरून गट पाडा. डबा खाताना संघवार बसवा. सहा ते आठ मुलींचा संघ ही गाईडच्या रचनेतली फार सुंदर सोय आहे. तीत प्रत्येकीला काम असतं आणि प्रत्येकीवाचून काहीतरी अडतं. गाठींमध्ये ती मुलगी तयार आहे ना? मग नव्या मुलींना गाठी शिकवायचं काम तिला द्या. दया म्हणून नको. तिला ते येतं, म्हणून द्या.

संघनायिकेचं पद काढून घ्यायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या मनात असणार. शिक्षा म्हणून काढू नका, त्याचा राग पुन्हा त्याच मुलीवर निघेल. मात्र दर सत्राला सगळ्याच संघांच्या नायिका बदला आणि हे आधीच जाहीर करा. अशी पुढाकार घेणारी मुलगी बहुतेकदा शिक्षिकेची लाडकी, चटपटीत आणि बाकीच्यांना हवीहवीशी असते. तिच्या गुणांचं आपण इतकं कौतुक करतो की तिच्या हातात किती सत्ता गेली ते दिसत नाही. तिच्या आईशी बोलाल तेव्हा गुणांपासून सुरुवात करा आणि मग सांगा, "बाकीच्या मुली तिचं ऐकतात. त्याचा उपयोग ती कशासाठी करते, याकडे आपण दोघी लक्ष देऊ." व्हॉट्सअपची चौकशीही करा. या वयाच्या मुली आईच्या फोनवरून गट काढतात आणि एकीला वगळून सगळ्या वर्गाचा गट तयार होतो.

आणि ती मुलगी. तिच्याशी तुम्ही एकटीने बोललात का, ते पत्रात नाही. बोला, पण सगळ्यांसमोर हाक मारून नको. दोऱ्या गुंडाळायला थांबवून घ्या. "दुर्लक्ष कर" हा सल्ला देऊ नका. महिनोन्महिने ती तेच करत आलीय. "यात तुझी चूक नाही, तुझं बोलणं छान आहे, आणि हे थांबवणं माझं काम आहे," हे तिच्या कानावर पडू द्या. कुणालाही सांगणार नाही, असं वचन मात्र देऊ नका, कारण कधी कधी सांगावंच लागतं. "जे करीन ते तुला सांगून करीन," एवढं वचन पुरे. तिच्या घरी विचारा : सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं का, डबा तसाच परत येतो का, वस्तू हरवतात का. जगायचं नाही अशा अर्थाचं काही ती बोलली, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि समुपदेशकांना गाठा. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तुम्हीही तिथे फोन करू शकता. अंगाला हात लावणं, कपडे बदलताना फोटो काढणं असं काही झालं असेल, तर तो २०१२ च्या पोक्सो कायद्याचा विषय होऊ शकतो. त्याची कल्पना असताना गप्प बसता येत नाही, आणि चौकशी पथकाच्या पातळीवर करायची नसते.

आता शिबिर. कोण कुणाबरोबर झोपणार हे मुलींवर सोडू नका. तंबूंची यादी तुम्ही करा आणि बस सुटायच्या दिवशी नको, आठवडाभर आधी लावा. तोपर्यंत ज्या मुली गोष्टीच्या वेळी मॅडीबद्दल सगळ्यात जास्त बोलल्या असतील, त्यांतल्या दोघींना त्या मुलीच्या तंबूत ठेवा. कारण सांगू नका. कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलंय की एक जरी पक्की मैत्रीण असली, तरी त्रासाचा परिणाम पुष्कळ कमी होतो. तेव्हा अख्ख्या पथकाने तिच्यावर प्रेम करावं, हे उद्दिष्ट ठेवूच नका, एकीवर लक्ष द्या. रात्री दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने तंबूंमधून एक फेरी मारा, सगळ्याच तंबूंमधून. परत आल्यावर दोन-तीन दिवसांनी तिला विचारा की पुढच्या सत्रात कुणाच्या संघात जायला आवडेल. ती जिचं नाव घेईल, तिच्याच संघात तिला घाला.